दावणीची सायकल

देविदास राठोडला कुणी विचारलं की बाबा, ही सायकल उडवायची विद्या तुला कुणी दिली, तर तो आईचं नाव सांगतो. आता त्याची आई, नानीबाई, उभ्या जन्मात सायकलवर बसलेली नाही. बसायचं सोडा, अंगणातली सायकल बाजूला सारायची असली तरी ती मारक्या म्हशीला धरावं तशी लांबून धरते. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं मस्करी करून राहिलं. पण ही मस्करी नाही. का नाही, तेच ऐका.

शिरड शहापूरच्या पुढं एक कच्चा रस्ता फुटतो आणि हळद-सोयाबीनच्या रानांतून तांड्यात जाऊन थांबतो. देविदास तिथला. पंचविशीचा, अंगानं काटक, दोन्ही हातांवर वेल्डिंगचे चटके. वसमतच्या एका वर्कशॉपात तो हळद शिजवायचे कुकर बनवतो, म्हणजे ते मोठाले लोखंडी ड्रम, ज्यांत वाफेवर हळद शिजते. घरी तो आणि आई, दोघंच. वडील खेमा काही वर्षांमागं वारले. तांड्यात आपसांत बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात आणि आईला याडी म्हणतात. तेवढा एक शब्द तसाच ठेवू, बाकीचं आपल्या मराठीत चालू द्या.

सायकलीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते वसमतच्या बसस्टँडमागं. तिथं हळदीच्या अडत्याचा पोरगा स्वप्निल एका बुटक्या सायकलीवर उभा राहून ती पुढच्या चाकावर नाचवत होता. ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. देविदासला वाटलं, बिचाऱ्याची चोरांनी लुटलेली दिसते. तेवढ्यात स्वप्निलनं वेग घेतला, समोरच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर चढला आणि सायकलीसकट हवेत गेला. तो खाली आला, पण देविदास काही खाली आला नाही. एसटी निघून गेली तरी हा आपला तिथंच.

"काय म्हनायचं हिला?"

"बीएमएक्स. पुण्याहून आणली मामानं."

"मला एकडाव बसू देता?"

स्वप्निल दिलदार निघाला. त्यानं बसू दिलं, देविदास पडला, त्यानं परत बसू दिलं, देविदास परत पडला. संध्याकाळी घरी आला तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली आणि तोंडावर हसू. नानीबाईनं कोपरांना हळद लावली आणि म्हणाली, "मार खाऊन कुणी हसतं का रे लेकरा?"

आता पुण्याहून मागवायला सगळ्यांचेच मामा पुण्यात नसतात. देविदासनं ठरवलं, आपण ड्रम बनवतो, ट्रॉल्या बनवतो, मग सायकल काय आभाळातून पडते का? त्यानं वर्कशॉपातल्या भंगारात पडलेल्या बोअरच्या पाइपाची पहिली सायकल बनवली. मजबूत म्हणजे अशी की तिच्यावरून ट्रॅक्टर गेला तर ट्रॅक्टरचंच नुकसान व्हावं. पण वजन? उडायचं लांबच राहिलं, ती चढावर चढली तरी तांड्यातली पोरं टाळ्या वाजवायची. ती सायकल आजही त्यांच्या गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून कामी येते.

दुसरी मात्र जमली. लहान पोरांच्या दोन मोडक्या सायकली, त्यांचे पाइप कापून जोडलेले. चाकांना जुन्या मोपेडच्या जाड तारा. हँडल वाकवताना पाइप चेमटू नये म्हणून त्यात वाळू ठासून भरली आणि मग भट्टीत तापवून वाकवलं. एखाद्या जोडाला चीर गेली की रविवारी वर्कशॉपात जाऊन तो उकलायचा आणि नव्यानं भरायचा. त्याचं बघून वसमत, परभणी, नांदेडची पोरंही त्याला फोन करायला लागली. कुणाचा फोर्क वाकला, कुणाचं पेडल तुटलं. त्या पोरांचं बरं असतं, एकाकडं वेल्डिंग मशीन, दुसऱ्याकडं चेन तोडायचं हत्यार, तिसऱ्याकडं नुसता उत्साह, आणि सगळ्यांचं मिळून भागतं. कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

राहता राहिला रॅम्प. म्हणजे पुढून वाकडा, वर उचललेला लाकडी चढ, ज्यावरून सायकल हवेत जाते. मातीचा करून पाहिला, पण आपली काळी माती कशी, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला चिकटून घरापर्यंत येते. लाकूड पाहिजे होतं, आणि त्या लाकडाला धरायला वाकवलेलं लोखंड. आणि ते दोन्ही अंगणातल्या लिंबाखाली उभं होतं.

खेमाची बैलगाडी.

खेमा गेल्यावर पाखऱ्या आणि ढवळ्या, ही घरची जोडी, कुणी सांभाळायची? देविदास दिवसभर वसमतला. नानीबाईनं वर्षभर ओढलं. मग एका पाहुण्याच्या हवाली केली जोडी आणि तीन दिवस चूल नीट पेटवली नाही. गाडी तेवढी राहिली. गोठ्यातली दावण, म्हणजे बैल बांधायची ती दोरखंडाची जागा, रिकामी राहिली, आणि नानीबाई ती रोज झाडायची. काहून झाडते, असं कुणी विचारलं की म्हणायची, "हात वळतो तिकडं." बैल गेला आणि झोपा केला म्हणून लोक हसतात, पण बैल गेल्यावर झोपा झाडणाऱ्या बाईला हसायची कुणाची छाती झाली नाही.

देविदासनं विचारायला महिना घेतला. जेवताना विचारायचं ठरवायचा आणि घास गिळून उठायचा. शेवटी एकदा विचारलंच. "याडी, बाची गाडी मोडून एक वस्तू बनवायची हाय."

नानीबाईनं वर पाहिलं नाही. भाकरी थापटत राहिली. भाकरी तव्यावर गेली, फुगली, उतरली. मग म्हणाली, "वाळवी खाऊन राहिली तिला. तुझ्या कामी येत असंल त ने." आणि थोड्या वेळानं, "पण मला एक सांग देवा. त्या सायकलीत एवढं काय हाय?"

देविदासचा जीव भांड्यात पडला होता. जीव भांड्यात पडलेला माणूस काहीही बोलतो. तो हसत म्हणाला, "याडी, आता हाच आपला बैल समज."

बोलून गेला आणि विसरला.

गाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा त्यानं तापवून उकलल्या, थोड्या पसरट केल्या, आणि त्यांच्या दोन कमानी दोन अंगांना उभ्या केल्या. मधे गाडीच्या साट्याच्या फळ्या ठोकल्या. त्याच फळ्या, ज्यांवर बसलेल्या बाच्या मांडीवर तो लहानपणी झोपायचा. रॅम्प झाला असा की स्वप्निल बघून नुसता "अबे यार, अबे यार" करत राहिला. वरून पाऊस लागू नये म्हणून हळद वाळवायची ताडपत्री घातली, आणि उतरायला पलीकडं मुरूम ठोकून ढिगारा केला.

हे सगळं उभं राहिलं ते शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर, आणि तिथंच माशी शिंकली. कारण त्याच मैदानावर पोळ्याला तांड्याचे बैल तोरणाखाली उभे राहतात. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, रतनसिंग, पांढऱ्या मिशांचे, आवाजानं पाखरं उडवणारे. तांड्यातली सगळ्यांत देखणी बैलजोडीही त्यांचीच. त्यांनी काठीनं रॅम्पवर ठकठक केलं.

"हे काय धूड आणून ठिवलं बैलांच्या जाग्यावर?"

"नायक, पोळ्याला माझे दोस्त येऊन राहिलेत. नांदेड, परभणीहून. सकाळी आमी खेळू, दुपारी तुमचे बैल. एकडाव बघा तरी."

रतनसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. "बघतो. तांड्याला पटलं त राहील. न्हाई पटलं, बैल बुजले, कुणाचं हाडूक मोडलं, त दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घालून सरपण करीन. मग माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

आता दुसरी जागा नाही. रान भिजलेलं, वसमतला कुणी जागा देत नाही, आणि हा रॅम्प उचलून कुठं न्यायचा? सरपण झालं तर बाची गाडी चुलीत जाणार. पण देविदासला स्वतःच्या सायकलीचा भरोसा होता. तांड्यानं एकदा आपल्याला उडताना पाहिलं की झालं, असं त्याच्या मनानं धरलं.

मेळाव्याला पोळ्याचाच दिवस काहून धरला? तर त्या दिवशी वर्कशॉप बंद, अडत बंद, सगळी पोरं मोकळी. शहरातल्या पोरांना सुट्टी म्हणजे सुट्टी. आणि तांड्यात वाढलेल्या देविदासला पोळ्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे आठवलंच नाही. नको तिथं शहाणपण येतं आणि हवं तिथं जातं, हे काय आजचं आहे का?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढलं, त्यांना तूप-हळद चोळायची, शिंगांना आणि खुरांना तेल लावायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या संध्याकाळी देविदास एसटीतून उतरून घरी आला तर गोठ्यात दिवा. किती दिवसांनी दिवा! तो दारात थांबला.

दावणीला त्याची सायकल बांधली होती.

नानीबाई तिच्यापुढं बसली होती. हँडलची दोन टोकं तिनं हिंगुळानं लाल रंगवली होती, शिंगं रंगवावी तशी. टोकांना पाखऱ्याच्या शेंब्या, त्या पितळी टोप्या, घातल्या होत्या. हँडल जिथं फ्रेमला मिळतं तो तिचा खांदा असावा, कारण तिथं ती सावकाश तूप-हळद चोळत होती. सीटवर झूल होती, कवड्या आणि आरसे लावलेली, टाक्यावर टाका घालून तिनं स्वतः शिवलेली. आणि कान कुठंच सापडेना म्हणून ती घंटीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

देविदासला आधी हसू फुटलं. मग त्याची नजर चाकांवर गेली. बाईनं खूर समजून दोन्ही टायरांना गोडं तेल चोपडलं होतं. दिव्याच्या उजेडात टायर नुसते चमकत होते.

"याडी! येड लागलं का तुला? टायरला तेल? उद्या मी मुंडक्यावर पडंन ना!"

"पडशील काहून?" नानीबाई शांतपणे म्हणाली. "उद्या बसायचंच न्हाई हिच्यावर. पोळ्याला कुणी खांद्यावर जू ठिवतं का?"

"अगं सायकल हाय ती!"

"तूच म्हनला न्हवं, हाच आपला बैल समज म्हनून? मी समजले."

इकडं आड, तिकडं विहीर. त्यानं चिडून सांगितलं की नांदेडहून पोरं येऊन राहिलीत, नायक कुऱ्हाड घेऊन बसलेत, मी उडालो नाही तर बाची गाडी चुलीत जाईल. नानीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "आवतण दिलं रे मी. दिलेलं आवतण मागारी कसं घेऊ?" आणि दिवा उचलून घरात गेली.

सकाळी उजाडताच देविदास पेट्रोलमध्ये बुडवलेला बोळा घेऊन गोठ्याकडं निघाला. बेत साधा होता. टायर पुसायचे, सायकल गुपचूप न्यायची, आणि संध्याकाळी याडीच्या पाया पडायचं. आई रागावते ती रुसण्यापुरती, हे कुठल्या लेकराला माहीत नसतं? पण नानीबाई त्याच्याही आधी तिथं होती. आंघोळ करून, ठेवणीतली ओढणी घेऊन. ती हँडलला झेंडूची माळ बांधत होती आणि सायकलीशी बोलत होती. तांड्यातली जुनी बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही.

"त्यास्नी सांग," ती म्हणत होती. "दावण भरली म्हनून सांग. लई दिस उघडी व्हती. पोरगं चांगलं हाय, कष्ट करून राहिलंय. काळजी करू नका म्हनावं."

देविदासच्या हातातला बोळा हातातच राहिला. त्याला एकदम रडू आलं. इतकी वर्षं ती रिकामी दावण झाडत होती, आणि आपण रोज तिच्यावरून उडी मारून वसमतला जात होतो. एकदा तरी विचारलं का? तो मागच्या मागं फिरला, बोळा उकिरड्यावर टाकला आणि हात साबणानं दोनदा धुतला. रॅम्पचं व्हायचं ते होवो, असं त्यानं ठरवलं. सोपं नव्हतं ते ठरवणं. पण ठरवल्यावर त्याला हलकं वाटलं, हेही खरं.

दहाच्या सुमाराला मैदानावर पोरांचा टेम्पो आला. मागं सायकली उभ्या बांधलेल्या, पोरं त्यांच्यामधे दाटीवाटीनं. सगळ्यांत आधी उडी मारली नांदेडच्या आकांक्षानं. ही पोरगी कॉलेजात शिकते, आणि हिच्याएवढं उंच त्या टोळीत कुणी जात नाही. तिची सायकल जांभळी, चकचकीत. स्वप्निल उतरताच म्हणाला, "देवा, तुझी सायकल काढ ना. पहिली उडी तुझी."

"माझी सायकल आज निघणार न्हाई," देविदास म्हणाला आणि सगळं सांगितलं.

स्वप्निलनं कपाळावर हात मारला. "अबे पागल है क्या? तुझा रॅम्प जाईल ना! माझी घे. माझीवर बस."

"बघू," देविदास म्हणाला. पण त्याला ते बरं वाटत नव्हतं. घरच्याला सुट्टी आणि दुसऱ्याच्या बैलावर जू, हा कुठला न्याय?

हे बोलणं चाललं होतं तोवर पलीकडून रूपाबाई आली. नानीबाईची शेजारीण, जाडजूड, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिच्याही घरची जोडी गेली होती, ट्रॅक्टर आला त्या साली. येताना तिनं नानीबाईच्या गोठ्यात नटवलेली सायकल पाहिली होती, आता तिनं मैदानावरच्या सायकलींकडं पाहिलं.

"ही जांभळी कुणाची?"

"माझी, मावशी," आकांक्षा म्हणाली.

"हिला आवतण दिलं का कुणी?"

"म्हणजे?"

"अगं बया! पोळ्याच्या दिवशी दारात आणली आन् आवतण न्हाई?" रूपाबाई तशीच माघारी गेली आणि हळद, तूप, कुंकू घेऊन आली. आकांक्षाला काही कळेना, पण पोरगी हौशी. तिनं हसत हसत सायकल धरली, रूपाबाईनं हँडलच्या खांद्याला तूप-हळद चोळली, कुंकू लावलं, आणि म्हणाली, "काल यायला पायजे व्हतं तुमी. असू द्या. आता आवतण घ्या, सांजच्याला जेवायला या." मग बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिनं त्या जांभळ्या पाइपावरून हात फिरवला.

आणि मग काय विचारता! ज्या ज्या घरची जोडी गेली होती, त्या त्या घरची बाई ताट घेऊन निघाली. "ती हिरवी मला." "काळी आमच्या घरची, आमचा बैल काळाच व्हता." "ओ दादा, तुमची अजून मोकळी हाय का?" एका म्हाताऱ्या बाईनं तर टेम्पोचीच खांदमळणी सुरू केली होती, तिला ड्रायव्हरनं हात जोडून थांबवलं. बघता बघता एकही सायकल राहिली नाही. स्वप्निलचीसुद्धा. तो "काकू, काकू" करत होता, तोवर तिला कुंकू लागलं होतं.

इतक्यात रतनसिंग नायक आले. हातात काठी, मागं तांड्यातले बाप्ये. "हं, काढा तुमचा खेळ. बघू द्या काय ते."

पोरं पेडलवर पाय ठेवणार, तोच रूपाबाई आडवी आली. "नायक, हे काय? आवतण दिल्यालं जनावर हाय. पोळ्याला जू ठिवायचं का? तुमीच न्याय करा."

रतनसिंग एकदा सायकलींकडं पाहत, एकदा बायांकडं. तांड्याची रीत राखायची ती नायकानं. आता हेच नायक पोळ्याला जू चढवा म्हणाले तर उद्या त्यांच्याच काठीला कुणी विचारणार नाही. आणि नाही म्हणाले तर पोरांचा खेळ बुडतो, तोही त्यांनीच बघतो म्हटलेला. बराच वेळ मिशीवर हात फिरला.

"देवा," ते म्हणाले, "तुझी कुठं हाय?"

"दावणीला हाय, नायक. याडीनं काल आवतण दिलं तिला."

"तुला ठावं व्हतं ना, आज न्हाई उडवली त मी काय करणार ते?"

"व्हय."

"तरी न्हाई काढली?"

"न्हाई," देविदास म्हणाला. "आवतण दिलंय."

रतनसिंग त्याच्याकडं पाहत राहिले. मग घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवतण म्हंजे आवतण. आज सुट्टी. उद्या पोळ्याची कर, उद्या काढा. ही लेकरं आज तांड्याची पाहुणी. ज्या घरची सायकल, त्या घरी मुक्काम." आणि काठी आपटून चालते झाले.

दुपारी तोरण बांधलं गेलं. पुढं रतनसिंगांची जोडी, मागं आणखी मोजके बैल, आणि त्यांच्यामागं, कधी नव्हे ते, झेंडूच्या माळा घातलेल्या सायकली. प्रत्येकीला धरून तिचा मालक आणि शेजारी त्या घरची बाई. बैल बुजले नाहीत. बुजायला काय, रंगवलेली शिंगं आणि तुपाचा वास, त्यांना ओळखीचंच होतं सगळं. रतनसिंगांनी मागं वळून रांग पाहिली. शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "लई वर्सांनी रांग शाळंच्या भिंतीपस्तोर गेली रे." संध्याकाळी घरोघर सायकलींना पुरणपोळीचा निवद दाखवला गेला. दाखवला सायकलींना, खाल्ला पोरांनी. आकांक्षाला रूपाबाईनं इतकं वाढलं की ती म्हणे, मावशी, उद्या मला उडायचंय.

दुसऱ्या दिवशी, करीला, सगळा तांडा मैदानावर. आणि आज तांडा तमाशा बघायला आला नव्हता, आपापल्या घरचं जनावर बघायला आला होता. आकांक्षा रॅम्पवरून वर गेली तशी रूपाबाई ओरडली, "माझी हाय ती! जांभळी माझी हाय!" स्वप्निल पडला तर ज्या बाईनं त्याच्या सायकलीला ओवाळलं होतं ती धावत गेली आणि आधी सायकलीला लागलं का ते पाहिलं.

शेवटी देविदास. टायर त्यानं राखेनं घासून घासून कोरडे केले होते, पण हँडलला तुपाचा वास होता. झूल काढायची त्याची इच्छा होईना, ती त्यानं घडी करून आईच्या हातात दिली. मग लांब जाऊन उभा राहिला, आणि निघाला. रॅम्पवर चाक चढलं तशा फळ्या खडखडल्या, आणि तो आवाज त्यानं ओळखला. बाची गाडी नाल्यातून वर चढताना अगदी अश्शीच खडखडायची. मग आवाज थांबला. तो हवेत होता. उतरताना एक पाय टेकला, सायकल थोडी हेलपाटली, पण पडली नाही. नानीबाईनं ओढणीचा पदर तोंडात धरला होता. तो तिच्यापुढं येऊन थांबला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"याडी, तुझ्यामुळं," तो म्हणाला.

"माझ्यामुळं काय, बैल चांगला हाय," नानीबाई म्हणाली आणि घंटीपाशी हँडल कुरवाळलं.

रतनसिंगांनी कुऱ्हाड काही आणली नाही. जाताना रॅम्पवर काठीनं ठकठक केलं आणि म्हणाले, "पावसात सडू देऊ नका याला. ताडपत्री नीट बांधत जा."

तेव्हापासून तिथं पोरं येतात. रविवारी येतात, सुट्टीला येतात. तांड्यातल्याही दोघीतिघी पोरी आता शिकून राहिल्यात. देविदासनं भंगारातून आणखी सायकली जोडल्या. मेळा मात्र करीलाच भरतो आणि आदल्या दिवशी सगळे मुक्कामाला येतात. देविदास म्हणतो, मला उडायला शिकवलं स्वप्निलनं, पण उतरायला जागा दिली याडीनं, म्हणून नाव तिचं. ती त्या रात्री शहाणपणा करून गप्प बसली असती, तर मी उडालो असतो, चार टाळ्या पडल्या असत्या, आणि खेळ परका वाटून तांड्यानं रॅम्प मोडला असता.

पुढच्या साली उन्हाळ्यात रतनसिंगांचा एक बैल म्हातारपणानं बसला तो उठलाच नाही. एकट्याला ठेवून काय करायचं म्हणून दुसरा त्यांनी लेकीच्या घरी पाठवला. त्यानंतर नायक फारसे बाहेर दिसत नव्हते. खांदमळणीच्या संध्याकाळी देविदास गोठ्यात दिवा लावत होता, तर दारात कुणी खाकरलं. रतनसिंग उभे होते. काठी नव्हती. हातात तुपाची वाटी होती, आणि ती त्यांनी धोतराच्या सोग्याखाली झाकली होती.

"देवा," ते खाली बघत म्हणाले, "एखादी मोकळी हाय का रे?"

देविदासनं आतून एक सायकल आणली, नुकतीच जोडलेली, पांढरी रंगवलेली, आणि त्यांच्यापुढं उभी केली. नायक गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसले. बोटांवर तूप घेतलं, हँडलचा खांदा शोधला, आणि चोळायला लागले. जन्मभर बैलांचे खांदे चोळलेला हात होता तो, त्याला शिकवायची गरज नव्हती. चोळता चोळता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मग घंटीपाशी वाकले. ज्या आवाजानं पाखरं उडायची तो आवाज इतका हळू झाला की देविदासला जेमतेम ऐकू आला.

"आज आवतण घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवायला या."

वाटीत तूप उरलं होतं. ते घेऊन नायकांचा हात चाकाकडं वळला, तशी घराच्या दारातून नानीबाई ओरडली, "टायरला लावू नका, नायक! पोरं घसरत्यात!"